बकहॉर्नच्या धारेवरच्या हाका

बकहॉर्न खोरं, बार्लो परगणा
ता. ११ फेब्रुवारी

चि. ट्विलास,

अ. आ. वि. वि. (आशीर्वाद रागावून दिलेत, पण दिलेत.)

फोनवर आपण दोघं चौथ्या वाक्याला भांडतो, आणि तुझ्या खात्याच्या संगणकावर लिहिलेलं सगळं सरकारजमा होतं असं ऐकलंय. म्हणून टपालाने, तेही घरच्या पत्त्यावर लिहितोय. हे पत्र ऑफिसात नेऊ नकोस.

काल शाळेच्या जेवणघरात तुमच्या वन्यजीव खात्याची सभा झाली. तू आली नाहीस हे शहाणपणाचं केलंस. तुम्ही पाठवलेल्या चष्मेवाल्या बाईने पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ डावीकडे डोंगरासारखी वर आणि उजवीकडे पार दरीत. म्हणे पंधरा वर्षांत रानटर्की निम्मे झाले. म्हणून यंदा शिकारीचा हंगाम दोन आठवडे उशिरा, माणशी दोन नरांऐवजी एक, आणि तीन परगण्यांत हंगामच बंद ठेवायचा विचार आहे. तिसरं नाव आपलं. ते ऐकल्यावर जो गोंधळ उडाला तो विचारू नकोस. कुणी म्हणालं रॅकून अंडी खातात, कुणी म्हणालं कायोटी पिल्लं उचलतात, आणि पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनी तर खात्यानेच विमानातून साप सोडल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. शिकाऱ्यांचा काही दोष आहे असं मात्र एकही माणूस म्हणाला नाही. दोनशे माणसं एका सुरात खोटं बोलतील का? तूच सांग.

आता मुद्द्याचं. बाबांना परवा डॉक्टरकडे नेलं होतं. छातीचा पंप थकलाय, म्हणाले. डॉक्टरांनी बोटांवर मोजून वर्षं सांगितली नाहीत, पण पुढच्या वसंताबद्दल बोलायचं त्यांनी टाळलं, ते मी पाहिलं. बाबा शहाऐंशीचे आहेत. गेली पन्नास वर्षं त्यांचा हंगामाचा पहिला दिवस चुकलेला नाही. आई गेली त्या वर्षीही तिने बजावून ठेवलं होतं म्हणून गेले. यंदाचा पहिला सोमवार त्यांना मिळाला पाहिजे. मला स्वतःला काही नको. माझी बंदूक मी भिंतीवरून काढणारही नाही. तीन परगण्यांत आपला परगणा घालायचा की नाही हे तुझ्या सहीवर आहे असं ती चष्मेवाली बाई बोलून गेली. तू बाबांची लेक आहेस एवढीच आठवण करून देतो.

काकवीचा डबा वेगळा पाठवलाय. त्याला लाच समजू नकोस, दर वर्षीचीच आहे.

रागाखाली दबलेली माया आहे तशीच आहे.
तुझा दादा,
आर्लिस

---

राजधानी
ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,

कृ. सा. न. वि. वि. काकवी पोचली. लाच म्हणून थोडी पातळ आहे.

बाबांचं वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या हातात असतं तर मी त्यांना दर आठवड्याला एक पहिला सोमवार दिला असता. पण तू मला विचारलंस म्हणून मीही तुला काही सांगते, आणि तू उठून फेऱ्या न मारता वाच.

गेल्या उन्हाळ्यात बार्लोत आमच्या लोकांना चाळीस माद्या दिसल्या आणि त्यांच्या मागे पिल्लं किती, तर एकतीस. म्हणजे एका मादीमागे धड एक पिल्लूही नाही. रॅकून अंडी खातात हे खरंच आहे. पण रॅकून पूर्वीही खात होते. तेव्हा तुम्ही सगळे सापळे लावत होतात, आता त्या गारठ्यात उठायचा कुणाला उत्साह नाही. कायोटीही आहेत. आणि मे महिन्याच्या शेवटी खालच्या कुरणातलं गवत कापणारा एक माणूसही आहे. यंत्राखाली तीन घरटी गेली म्हणून नाताळात तूच हळहळत होतास, आणि हळहळताना तिसऱ्यांदा गोड वाढून घेत होतास. हंगाम उशिरा का, तर माद्यांची जोडी जमायच्या आत तुम्ही डोंगराच्या धारेवरचा सगळ्यात दणदणीत नर उडवता. मग त्या अंडी कुणाच्या जोरावर घालणार?

आता मार्ग सांगते. वीस मार्च ते पाच एप्रिल आम्ही हाका मोजणार आहोत. स्वयंसेवकाने नेमून दिलेल्या जागी सूर्योदयाआधी अर्धा तास जाऊन बसायचं आणि तासाभरात नराच्या किती हाका ऐकू आल्या ते तक्त्यात लिहायचं. सकाळी सरासरी दहा भरल्या तर परगणा चालू राहील. बकहॉर्नच्या धारेवर दोन जागा आहेत, ओढ्याच्या पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक. पश्चिमेची तू घे. पूर्वेला कोण ते नियमाप्रमाणे सांगता येत नाही. आणि स्वतः आवाज करायचा नाही, कसलाही. खातं आपल्या परीने पडताळणी करतं.

बाबांच्या गोळ्या वेळेवर देतोस ना? त्यांना तंबाखू कोण आणून देतं ते मला माहीत आहे.

भांडायला तरी लिहीत राहा.
ट्विला

---

बकहॉर्न खोरं
ता. ३० मार्च

चि. ट्विलास,

अ. आ. वि. वि. यंदाच्या आशीर्वादांत थोडी फुशारकी मिसळली आहे, गोड मानून घे.

आतापर्यंतचा तक्ता सोबत आहे. आधी बसून घे. पहिल्या दिवशी चौदा हाका, दुसऱ्या दिवशी एकोणीस, काल एकतीस! एकतीस, ट्विला. तुझी ती पडद्यावरची रेघ आता घडी घालून ठेव. सगळ्या हाका ओढ्यापलीकडून, पूर्वेकडून. पक्षी एकच असेल, पण काय पक्षी आहे! आवाज असा भरदार की डॉगवुडची फुलं थरथरतात. घुबडाला उत्तर देतो, कावळ्याला देतो, दूर रस्त्यावर दुधाच्या गाडीचं दार आपटलं तरी देतो. फक्त रविवारी गप्प असतो. वारा असेल.

तू आवाजाचा नियम लिहिलास. मी हातात कसलंही साधन धरलं नाही, हे शपथेवर सांगतो. आता नर मुळात आळशी, दुसऱ्याची हाक ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही हे तुला शाळेत शिकवलं असेलच. त्याला कुणी जरा जागं केलं तर ते मोजणीला मदतच म्हणायची. जास्त लिहीत नाही.

बाबा मला रोज विचारतात किती झाल्या. मी आकडा सांगितला की ते माझ्याकडे बराच वेळ बघतात आणि पावावर ग्रेव्ही ओतून घेतात. आनंद झाला की माणूस अबोल होतोच.

पूर्वेला कोण बसतं ते कळलं. डेल्मर! काकांचा डेल्मर. त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. ज्याच्यावरून भांडलो तो नर माझ्याच गोळीने पडला होता, हे आकाशातल्या बापाला माहीत आहे. पण मोजायला बसलाय म्हणून काही म्हणत नाही. ऐकता येत असलं तर मोजेल.

तुझ्या उत्तराची नव्हे, सहीची वाट पाहतोय.
आर्लिस

---

बकहॉर्न, ओढ्यापलीकडे
ता. २ एप्रिल

चि. ट्विलास,

डेल्मरचे अ. आ. वि. वि. तू लहान असताना आमच्या अंगणात पडलीस त्याचा व्रण अजून आहे का?

आजवरचा तक्ता पाठवत आहे. देवाच्या कृपेने पश्चिमेकडून रोज वीस-पंचवीस हाका ऐकू येतात. नर थोडा म्हातारा वाटतो, शेवटी त्याला धाप लागते. पण हौस दांडगी. ठीक पावणेसातला तो थांबतो आणि वारा तिकडचा असेल तर त्याच सुमारास कॉफीचा वास येतो. मी त्या बाबतीत खोलात शिरलो नाही. रविवारचा रकाना कोरा आहे. देवाच्या दिवशी मी डोंगरावर असली कामं करत नाही.

तू आवाजाबद्दल विचारशील म्हणून आधीच लिहितो. आजवरच्या मोजणीत मी तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. चर्चमध्ये मी डीकन आहे, माझ्या शब्दाला काही किंमत आहे.

मला काय वाटतं ते सांगू का? माझे वडील लवकर गेले, तेव्हा मला पहिल्यांदा धारेवर नेलं ते तुझ्या बाबांनी, हॉइटकाकांनी. थंडीत स्वतःचा कोट मला दिला आणि आपण कुडकुडत बसले. यंदा त्यांना पहिला सोमवार मिळावा एवढी इच्छा आहे. आर्लिसला हे कळवू नकोस. नऊ वर्षांपूर्वीचा तो नर माझाच होता, पण ते भांडण आर्लिसशी, काकांवर माझा राग नाही.

प्रार्थनेत तुझं नाव असतं. तुझ्या खात्याचंही घेतो, जरा मोठ्याने.
डेल्मर

---

राजधानी
ता. ८ एप्रिल

ती. दादा आणि ती. डेल्मरदादा यांस,

दोघांना मिळून एकच पत्र, दोन प्रती. सा. न. वि. वि.; नमस्कार कुणी कसा वाटून घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

तुमचे दोन तक्ते मी शेजारी शेजारी ठेवले. पश्चिमेचा माणूस म्हणतो सगळ्या हाका पूर्वेकडून. पूर्वेचा म्हणतो सगळ्या पश्चिमेकडून. एकाचा पक्षी रविवार पाळतो, दुसऱ्याचा न्याहारी. खातं पडताळणी करतं असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही दोघांनी पत्रातलं हवामान समजून सोडून दिलंत. धारेच्या मधोमध ओकच्या झाडावर आमची ध्वनिमुद्रणाची पेटी होती. मी पहिल्या सकाळपासून शेवटच्या सकाळपर्यंत सगळं ऐकलं.

पश्चिमेचा नर हाक देतो, मग खोकतो, मग एका कुत्र्याला गप्प राहा मेल्या असं म्हणतो. पूर्वेच्या नराचा आवाज रबरी नळी हलवून काढलेला आहे आणि दोन हाकांच्या मध्ये तो भजन गुणगुणतो. डेल्मरदादा, तोंडातून शब्द काढला नाही हे खरंच आहे, सूर काढला होतास. दादा, हातात काही नव्हतं हेही खरं, गळ्यात होतं. आमच्या राज्याच्या इतिहासात एकमेकांना इतक्या प्रेमाने हाका मारणारे दोन नर कुठे नोंदलेले नाहीत. नऊ वर्षं बोलत नव्हतात ना? रविवार सोडून चौदा सकाळी बोललात.

हसून झालं. आता दुसरं ऐका. तुमच्या हाका वजा केल्यावर पेटीत काय उरतं ते मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. वारा आहे, कार्डिनल आहे, सुतार पक्षी आहे. नराची हाक एकही नाही. एकही नाही, दादा. आपण लहान असताना खिडकी उघडी टाकून झोपता यायचं नाही इतका गलका असायचा त्या धारेवर. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पेटी बंद करायलाही मला सुचलं नाही.

अहवाल पुढच्या आठवड्यात शुक्रवारी द्यायचा आहे. ध्वनिमुद्रण माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. मी फक्त तुमचे तक्ते जोडून पाठवले तर बार्लो परगणा चालू राहतो आणि बाबांना त्यांचा सोमवार मिळतो. मला काहीच करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं आहे. तीन दिवस मी तो कागद उघडते आणि मिटते. काय करू असं तुम्हाला विचारत नाही. तुमचं मत पेटीत भरपूर आहे.

बाबांना यातलं काही सांगू नका.

दोघांवर सारखीच चिडलेली आणि सारखीच तुमची,
ट्विला

---

बकहॉर्न
ता. १२ एप्रिल

चि. ट्विला,

अ. आ. अक्षर हलतंय, पण लिहिणारा हललेला नाही.

तू सांगू नका म्हणालीस म्हणून मला सगळं कळलं. डेल्मर तुझं पत्र हातात घेऊन शनिवारी दारात आला. आर्लिस आपली प्रत घेऊन बाहेर आला. दोघं पायरीवर उभे राहून एकमेकांच्या टोपीकडे बघत होते. मी म्हटलं, आत या आणि मोठ्याने वाचा, माझा उजवा कान अजून चालतो. वाचताना दोघांची तोंडं पाहण्यासारखी होती. हाका त्यांच्या आहेत हे मला आधीच ठाऊक होतं. आर्लिसचा गळा मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? पोरं माझ्यासाठी पहाटे उठून खोटं ओरडतायत, त्यांना थांबवायचा धीर झाला नाही. बरंही वाटत होतं. ते चुकलं माझं.

आता तुला एक सांगतो, ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हा या डोंगरात एकही टर्की उरला नव्हता. आमच्या बापजाद्यांनी सगळे खाऊन टाकले होते. तुझ्या खात्याच्या माणसांनी लांबून अकरा पक्षी लाकडी खोक्यांतून आणले. मी स्वतः खोकी उचलली. सगळ्या खोऱ्याने शपथ घेतली की दहा वर्षं कुणी बंदूक उचलायची नाही. तिसऱ्या वसंतात माझा बाप अंथरुणाला खिळला. एकदा रानटर्कीचा रस्सा खाऊन जावं असं तो सहज बोलला. मी धारेवर गेलो आणि एक नर मारला. अकरांत नर तीनच होते.

बापाने ताटलीकडे पाहिलं आणि विचारलं, हा कुठला? मी म्हटलं, पलीकडच्या परगण्यातला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. एक घास घेतला नाही. पुढच्या बुधवारी तो गेला. त्याच्यासाठी केलं असं मी एकसष्ट वर्षं स्वतःला सांगतोय. अजून पटलेलं नाही.

तेव्हा माझ्या नावावर तू काही करू नकोस. पेटीत जे आहे ते लिही आणि सही कर. सोमवार दर आठवड्याला येतोच.

गोळ्या घेतो. तंबाखूबद्दल विचारू नकोस.
तुझा बाप,
हॉइट

---

बकहॉर्न खोरं
ता. २० एप्रिल

चि. ट्विलास,

अ. आ. वि. वि. या वेळी नुसतेच, मागे-पुढे काही नाही.

परगणा बंद झाल्याची पाटी शनिवारी टपालकचेरीत लागली. लोकांनी तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मीही दोन शब्द म्हणालो, गप्प राहिलो असतो तर संशय आला असता. खालचं कुरण जुलैपर्यंत कापणार नाही, हे मात्र डेल्मरला सांगितलं. त्याने सापळे तेल लावून ठेवलेत. नऊ वर्षांपूर्वीच्या नराचा विषय दोघांनीही काढला नाही. बाबा घरात नसतील तेव्हा काढू.

काल तो पहिला सोमवार होता. साडेचारला मी कॉफी ठेवायला उठलो तर बाबा बूट घालून खुर्चीत बसलेले. म्हणाले, बंदुकीला बंदी आहे, बसायला बंदी आहे का? मी डेल्मरकडे गेलो. आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. अर्ध्या वाटेवर ते तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा आम्हाला दम लागला म्हणून थांबतोय असं म्हणाले. ओकच्या बुंध्याशी घोंगडी टाकून बसवलं. बंदूक कुणाकडेच नव्हती. बाबांनी कोटातून त्यांची सीडरची पेटी काढली, झाकण कडेवर घासून मादीचा आवाज काढायची ती. हात थरथरतो त्यांचा, पण पेटीवर ठेवला की थांबतो. हळू तीनदा घासली. थांबले. परत घासली. असा पाऊण तास गेला. मी डोळे मिटून घेतले होते, तुझी ती पेटी आठवत होती.

आणि हाक आली, ट्विला.

मी डेल्मरच्या हातांकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याचे हात मांडीवर रिकामे होते आणि माझं तोंड बंद होतं. पुन्हा हाक आली, उत्तरेकडून, जवळ. बाबांनी ऐकली. त्यांचा उजवा कान तिकडेच होता. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. डेल्मरने माझं मनगट इतकं दाबलं की आज सुजलंय. पक्षी धारेवर चढत होता, पानं वाजत होती. अजून एकदा पेटी घासली असती तर तो समोर आला असता. पंख पसरून आम्हाला दिसला असता. बाबांना दिसला असता. त्यांना एवढंच हवं होतं, शिकार नकोच होती, मला माहीत आहे.

बाबांनी पेटी उलटी करून घोंगडीखाली ठेवली. मी खुणेने विचारलं, काय झालं? ते कानात म्हणाले, इथे तीन म्हातारे बसलेत. त्याला आणखी सकाळ कशाला खर्च करायला लावायची? जाऊ दे, खरी मादी असेल तिकडे जाईल. पक्षी आणखी दहा मिनिटं थांबला, हाका मारत राहिला. मग आवाज ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला आणि सीडरच्या झाडीत बंद झाला. उतरताना बाबांना आम्ही जवळजवळ उचलूनच आणलं. आज ते दिवसभर झोपून आहेत. जेवले मात्र.

आता माझं काम. काल घरी येऊन मी मोजणीचा एक कोरा तक्ता काढला आणि रकान्यात एक असं लिहिलं. सगळ्या वसंतात मी लिहिलेला तो एकच खरा आकडा होता. तुला पाठवायला पाकिटात घातलाही होता. तुझा अहवाल चुकला, तुझी पेटी बहिरी, असं चिडवून लिहिणार होतो. मग लक्षात आलं, की सभेतली दोनशे माणसं हा आकडा वाचतील, आणि धारेवर एक नर आहे हे कळलं की त्यातले पाच-सहा जण पाटी न वाचता वर जातील. गेल्या वर्षीपर्यंत त्यांतला एक मी होतो.

तक्ता चुलीत टाकला. तुझ्या हाताखालच्या कुणाला धारेवर पेटी लावायला पुन्हा पाठवायचा विचार असेल तर एवढ्यात पाठवू नकोस. हे पत्रही वाचून झालं की जाळ. कुणी विचारलं तर ठामपणे सांग, बार्लो परगण्यात टर्की शून्य.

तुझा,
आर्लिस